‘अंगणवाडी भरती’ म्हणजे नेमकी कुठली भरती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीचे निकाल लागले की करिअर पुरवण्यांचा हंगाम सुरू होतो. त्यांत ‘बालशिक्षण’ या नावाखाली दरवर्षी तोच सल्ला असतो : नर्सरी टीचरचा कोर्स करा आणि एखाद्या प्ले-ग्रुपमध्ये लागा. मग वर्षभरात अधूनमधून ‘अंगणवाडीत मेगाभरती’ असा मथळा येतो. पद सेविकेचे की मुख्य सेविकेचे, भरणारे कार्यालय कोणते, मिळणार ते वेतन की मानधन, यातले काही त्यात धड नसते. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या बाल विकास प्रकल्प कार्यालयात फोन सुरू होतात : ‘फॉर्म ऑनलाइन भरायचा ना?’ तोवर काहींनी सायबर कॅफेत शे-दोनशे रुपये मोजून कुठला तरी फॉर्म भरलेलाही असतो.

जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी महाराष्ट्रात सरकारी आणि स्वयंसेवी मिळून कामाच्या बऱ्याच जागा आहेत. त्यांची दारे मात्र वेगवेगळी आहेत, आणि चुकीच्या दारावर उभे राहण्यात मुलींची वर्षे जातात. म्हणून हे पत्र, जरा लांबलेच तरी.

पहिला घोळ दोन आयुक्तालयांचा. एकात्मिक बाल विकास सेवा योजनेचे आयुक्तालय नवी मुंबईत बेलापूरला आहे. अंगणवाड्या त्याच्या अखत्यारीत. महिला व बाल विकास आयुक्तालय पुण्यात आहे. बालगृहे, शिशुगृहे, दत्तक प्रक्रिया, बालसंरक्षण हे त्याचे काम. मंत्रालयातला विभाग एकच आणि नावेही जवळपास सारखी, त्यामुळे पुण्याच्या जाहिरातीला अंगणवाडीचा अनुभव जोडून अर्ज करणाऱ्या आणि बेलापूरला बालगृहाच्या नोकरीची चौकशी करणाऱ्या उमेदवार नेहमी भेटतात. अंगणवाड्यांतही ग्रामीण आणि आदिवासी प्रकल्प (प्रकल्प म्हणजे एका कार्यालयाखालचा अंगणवाड्यांचा गट) जिल्हा परिषदेच्या महिला व बाल विकास विभागामार्फत चालतात, तर नागरी प्रकल्प थेट आयुक्तालयाच्या हाताखाली. राज्यात एकूण ५५३ प्रकल्प आहेत, त्यांतले १०४ नागरी. म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्य सेविकेची जाहिरात गावाकडे जिल्हा परिषद काढते आणि शहरात आयुक्तालय. दोन्हींवर नजर ठेवावी लागते.

आता सेविका आणि मदतनीस. राज्यात १ लाख १० हजारांहून अधिक अंगणवाड्या आहेत, पण या पदांची राज्यस्तरीय भरती नसते. जागा प्रकल्पाची, जाहिरात प्रकल्प अधिकाऱ्याची, आणि उमेदवार त्याच महसुली गावातली रहिवासी हवी. फेब्रुवारी २०२३च्या शासन निर्णयापासून सेविका आणि मदतनीस दोघींनाही बारावी उत्तीर्णची अट आहे. वय १८ ते ३५, विधवा महिलेसाठी ४०. निवड गुणांकनावर होते. बारावीच्या टक्केवारीला सर्वाधिक वजन, पदवी, डी.एड., बी.एड., एमएस-सीआयटी यांचे जादा गुण. शिवाय विधवा, अनाथ, मागास प्रवर्ग आणि अनुभव यांचे. खासगी संस्थेच्या नर्सरी टीचर प्रमाणपत्राला यात स्थान नाही. त्यावर वीस-पंचवीस हजार घालवण्याआधी हे मुलींच्या घरच्यांना कुणी तरी सांगायला हवे.

अर्ज बाद होतात ते हुशारी कमी पडली म्हणून नव्हे, कागदामुळे. सगळ्यांत जास्त घोटाळा नावाचा. बारावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, आणि मधला दुवा जोडणारा विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र जोडलेलेच नाही. दुसरा घोटाळा रहिवासाचा. वाडी, पाडा, तांडा हे स्वतंत्र महसुली गाव असतेच असे नाही. पलीकडच्या पाड्यातली मुलगी पात्र ठरते आणि ओढ्याच्या या काठावरची ठरत नाही, कारण ओढा हीच दोन गावांची शीव असते. तलाठ्याकडे आधी खात्री करून घ्यावी. तिसरा, लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र : दोनपेक्षा जास्त हयात अपत्ये असतील तर अर्ज बाद, त्यात मोघम लिहून चालत नाही. चौथा, अनुभवाचे आणि विधवा असल्याचे गुण मागायचे पण पुरावा ‘नंतर देते’ म्हणायचे. मुदत संपल्यावर कागद घेतला जात नाही. तात्पुरती यादी लागल्यावर आक्षेपासाठी जे दिवस मिळतात ते स्वतःचे गुण ताडून पाहण्यासाठीही असतात, हे बहुतेकींच्या गावीही नसते. आणि हो, या भरतीसाठी कुणाच्या खात्यावर पैसे पाठवायचे नसतात, मागणारा भामटाच.

मदतनीस पद कमी लेखू नये. सेविकेची जागा रिकामी झाली की पात्र मदतनिसाचा आधी विचार होतो. त्यामुळे कित्येक गावांत सेविकेच्या जागेची जाहिरात निघतच नाही, निघते ती मदतनिसाची. बारावी झालेल्या मुलीने ‘मी काय भांडी घासायची?’ म्हणून ती सोडली, तर पुढची जागा तिला मिळण्याची वाट तिनेच बंद केलेली असते.

पैशाचेही स्पष्ट लिहावे. सेविका सरकारी कर्मचारी नाही, मानधनी आहे. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळातल्या संपानंतर, २०२४च्या वाढीने सेविकेचे मानधन १३,००० आणि मदतनिसाचे ७,५०० रुपये झाले. प्रोत्साहन भत्ता वेगळा, तोही कामाच्या निकषांवर. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात सेविका-मदतनिसांना १९७२च्या उपदान (ग्रॅच्युइटी) कायद्याचा लाभ मिळायला हवा, असा निकाल दिला. म्हणजे हक्काची लढाई चालू आहे, पण आज रुजू होणारीने ‘सरकारी नोकरी लागली’ म्हणून कर्ज काढू नये.

कामही पुरवण्यांत येते तसे ‘मुलांना गाणी शिकवणे’ एवढे नाही. सहा सेवा आहेत : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज पडल्यास पुढच्या दवाखान्यात पाठवणे), पूर्वशालेय शिक्षण, आणि पोषण-आरोग्य शिक्षण. वर्षातले ३०० दिवस आहार. तीन ते सहा वयाच्या मुलाला दिवसाला ठरलेल्या कॅलरी आणि प्रथिने, अतितीव्र कुपोषिताला त्याहून जास्त. लहानग्यांच्या, गरोदर आणि स्तनदा मातांच्या टीएचआरचे (घरी न्यायच्या आहाराच्या पाकिटांचे) वाटप, गृहभेटी, महिन्याचा ग्राम आरोग्य व पोषण दिवस, आदिवासी भागात अमृत आहार योजनेचे जेवण, आणि या सगळ्याची पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल अ‍ॅपवर नोंद. टीएचआर देताना २०२५ पासून लाभार्थीचा चेहराही मोबाइलने ओळखावा लागतो. नेटवर्क नसलेल्या पाड्यावर सेविका पाकीट एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात धरून टेकाडावर चढते, ते याचसाठी.

सेविकेच्या वरची पायरी पर्यवेक्षिका किंवा मुख्य सेविका. एकाच कामाची ही दोन नावे. गावात ‘बीटच्या मॅडम’. पंचवीसेक अंगणवाड्यांचे बीट सांभाळायचे. हे मात्र गट-क मधले नियमित पद, वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४००, आणि फक्त महिलांसाठी. पदवी लागते, जिल्हा परिषदेच्या नियमांत समाजशास्त्र, गृहविज्ञान, शिक्षण, बालविकास, पोषण या विषयांचा खास उल्लेख आहे. २०२३च्या जिल्हा परिषद भरतीत परीक्षा १०० प्रश्नांची, २०० गुणांची होती, आणि त्यांतले ४० प्रश्न विषयाचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुक्तालयाने नागरी प्रकल्पांसाठी मुख्य सेविकांच्या १०२ जागांची जाहिरात काढली. वृत्तपत्रांनी ‘अंगणवाडी भरती’ म्हणून मथळे दिले आणि बारावी झालेल्या मुली महिनाभर धावपळ करत राहिल्या, ती हीच.

विषयाचे ४० प्रश्न क्लासच्या नोट्स पाठ करून सुटतात, काम सुटत नाही. पर्यवेक्षिकेची खरी परीक्षा अंगणवाडीच्या ओसरीवर होते, वजन-उंचीच्या दिवशी. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून, इन्फंटोमीटरवर मोजायची. दोन वर्षांपुढे उभे करून, स्टेडिओमीटरवर. झोपवून मोजले तर माप सुमारे ०.७ सेंटिमीटरने जास्त येते. वीस महिन्यांचे मूल रडते म्हणून सेविकेने त्याला उभे करून मोजले आणि आकडा तसाच भरला, तर मूल आहे त्यापेक्षा बुटके नोंदले जाते. बुटक्या मुलाला वजन कमी चालते, म्हणून ट्रॅकरवर सीमारेषेवरचे सॅम (अतितीव्र कुपोषित) मूल मॅम (मध्यम कुपोषित) दिसते. मग ना जादा आहार, ना ग्राम बाल विकास केंद्र. उलट मुलीच्या डोक्यावर दोन वेण्यांचा अंबाडा तसाच ठेवून उंची घेतली की ती उंच होते आणि उगाच हडकुळी ठरते. वजनकाटा शून्यावर आणलेला नसतो. थंडीत स्वेटर, कमरेला चांदीचा करगोटा, पायात वाळे तसेच राहतात. दंडघेराची पट्टी डाव्या दंडाच्या बरोबर मधोमध, खांदा आणि कोपर यांमधले अंतर मोजून खूण करून लावायची, कातडी दबेल इतकी आवळायची नाही; ११.५ सेंटिमीटरखाली आली की मूल सॅम. ही पट्टी सहा महिन्यांखालच्या बाळाला लावायचीच नाही, तरी लावलेली आढळते. जन्मतारखेत महिन्याभराची चूक असली तर वयाप्रमाणे उंची-वजनाचे सगळे गणित बिघडते, म्हणून आधी जन्मनोंद पाहायची आणि मग मापाला हात घालायचा. बीटमध्ये फिरताना पर्यवेक्षिकेने प्रत्येक ठिकाणी चार-पाच मुले स्वतः पुन्हा मोजली आणि सेविकेच्या आकड्यांशी ताडून पाहिली, तरी पुष्कळ कळते. सगळ्या मुलांची वजने पूर्ण किंवा अर्ध्या किलोवर येऊन थांबत असतील, तर ती अंदाजाने भरलेली आहेत हे समजायला मुले बोलवायचीही गरज नाही.

शिक्षणाच्या बाजूलाही हेच. राज्याचा ‘आकार’ अभ्यासक्रम आहे, तीन वर्षांखालच्यांसाठी ‘आरंभ’ आहे. मे २०२३ मध्ये केंद्राचे ‘पोषण भी पढाई भी’ आले आणि त्यापाठोपाठ ‘आधारशिला’, ‘नवचेतना’. पुस्तके कपाटात असतात. पर्यवेक्षिकेने पाहायचे ते वेगळेच : चार वर्षांच्या मुलीपुढे चिंचोके, वाल आणि सागरगोटे यांचा मिसळलेला ढीग ठेवून ती वेगवेगळे करते का, ‘कशात जास्त?’ असे विचारल्यावर एकास एक लावून पाहते का, की सगळा वर्ग नुसता ‘एक ते वीस’ ओरडतो आहे. मूल कोरकू, भिली, गोंडी किंवा वारली बोलत असेल आणि सेविका फक्त प्रमाण मराठी, तर मूल मठ्ठ वाटते. निम्म्याहून अधिक मुलांची भाषा मराठी नसेल तिथे ती भाषा येणारीलाच नेमायचे, हे सेविका भरतीच्या नियमात आहे. पाळणारे प्रकल्प किती, हा प्रश्न वेगळा.

सेविकेने इथवर कसे यावे? केंद्राच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत पर्यवेक्षिकांची निम्मी पदे पाच वर्षे काम केलेल्या सेविकांतून, आणि सेविकांची निम्मी पदे तितकाच अनुभव असलेल्या मदतनिसांतून भरण्याचे म्हटले आहे. म्हणून रुजू झाल्यापासून नेमणुकीचा आदेश, रुजू अहवालाची पोच आणि प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे यांची फाइल स्वतःच्या घरी ठेवावी. पदोन्नतीच्या वेळी प्रकल्पाच्या दप्तरात रुजू अहवाल सापडत नाही, आणि सेवेची वर्षे सिद्ध करण्याची जबाबदारी येते ती बाईंवरच. पदवी राहिली असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून ती नोकरी सांभाळून पुरी होते. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेलीला वर्षाची पदविका सुचवली आहे. इग्नूची बालसंगोपन आणि शिक्षणाची वर्षभराची पदविकाही आहे. ती ज्ञानासाठी चांगली, पण पदवीची जागा घेत नाही.

पर्यवेक्षिकेच्या वर बाल विकास प्रकल्प अधिकारी. सरळसेवेने यायचे तर एमपीएससीचा रस्ता. या खुर्चीवर बालविकासाच्या ज्ञानाइतकेच हिशेबाचे भान लागते : आहार शिजवणाऱ्या बचत गटांची देयके, अंगणवाडीचे भाडे, इमारतींची दुरुस्ती, रिक्त पदांचे अतिरिक्त कार्यभार. बिल अडले की बचत गट शिजवणे थांबवतो आणि मुलांची संख्या आठवड्यात घसरते. त्याही वर जिल्हा परिषदेत महिला व बाल विकासाचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी. याशिवाय पोषण अभियानात जिल्हा आणि तालुका समन्वयकांची कंत्राटी पदे असतात; पदवीधर मुलामुलींना आकडेवारीची सवय होण्यासाठी ती बरी, आयुष्य काढण्यासाठी नव्हेत.

आरोग्य खात्याच्या बाजूचे दार तर करिअर पुरवण्यांना माहीतच नसावे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरती पथके अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात : दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. त्यांना उशिरा चालणारे, न बोलणारे, ऐकू न येणारे मूल सापडले की ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात येते, आणि तिथे भौतिकोपचार, वाचा-श्रवण उपचार, मानसशास्त्र, दृष्टितपासणी, विशेष शिक्षण या सगळ्यांची माणसे लागतात. पोषण पुनर्वसन केंद्रात आहारतज्ज्ञ लागते. नेमणूक राष्ट्रीय आरोग्य अभियानाची, कंत्राटी. वाचा-श्रवण उपचार आणि विशेष शिक्षणासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी, आणि ती चालू हवी. नूतनीकरण राहून गेलेला चांगला उमेदवार कागदपत्र तपासणीतच गळतो. आडबाजूच्या जिल्ह्यांत या जागा उमेदवारांअभावी रिकाम्या राहतात आणि पुण्या-मुंबईत त्याच शिक्षणाची मुले खासगी क्लिनिकच्या रांगेत असतात.

पुण्याच्या आयुक्तालयाकडे जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहेत : संरक्षण अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ता, क्षेत्र कार्यकर्ता, बहुतेक पदे केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेखालची, कंत्राटी, आणि समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला तिथे मान. लहान मुलांवर प्रेम आहे म्हणून इथे येऊ नये. टाकलेले बाळ, पोलिसांचा पंचनामा, बाल कल्याण समितीपुढचा अहवाल, ठरल्या दिवसांत, चुकीविना लिहायचा, हे ते काम आहे.

स्वयंसेवी संस्थांपैकी पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ सोनाळ्याची क्वेस्ट, डहाणू भागातली ग्राममंगल, मुंबईतल्या उम्मीद आणि स्नेहा, बांधकामावरच्या मुलांची पाळणाघरे चालवणाऱ्या मुंबई मोबाइल क्रेशेस आणि पुण्याची तारा मोबाइल क्रेशेस ही काही ठिकाणे. इथे पगार मध्यम, प्रकल्प देणगीदाराच्या मुदतीइतका, पण शिकायला मिळते ते सरकारी प्रशिक्षणात क्वचितच. मुलाखतीला जाण्याआधी एवढे विचारावे : प्रकल्पाची किती वर्षे उरली आहेत, फिरतीचा खर्च कोण देतो, आणि भविष्य निर्वाह निधी कापतात का. ‘अंगणवाडी’ हा शब्द ज्या ताराबाई मोडकांनी रुजवला, त्यांचे आणि अनुताई वाघांचे काम बोर्डी-कोसबाडच्या अशाच एका संस्थेतून उभे राहिले. केंद्र सरकारची योजना त्यानंतर, २ ऑक्टोबर १९७५ला, ३३ प्रकल्पांनी सुरू झाली.

संपादक महाशय, मागणे फार नाही. यापुढे अशी बातमी छापताना पदाचे पूर्ण नाव, भरणारे कार्यालय, वेतन की मानधन, किमान शिक्षण आणि अर्ज कुठे द्यायचा, एवढ्या पाच गोष्टी पहिल्या परिच्छेदात द्याव्यात. सेविका-मदतनिसांच्या जागा असतील तर तालुका पानावर गावाचे नावही छापावे, कारण त्या गावाबाहेरच्या कुणाला त्या बातमीचा काही उपयोग नसतो, आणि गावात ती जाहिरात ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते, ज्याच्या काचेआड बहुधा मागच्या वर्षीची घरपट्टीची नोटीस अजून लटकलेली असते.

आपली विश्वासू,
बालविकास क्षेत्रातील एक प्रशिक्षक
(नाव व पत्ता संपादकांकडे)